डॅश ९, एसी४४०० की ईएस४४? शेपटीकडून ओळखा

रूळवेडा: अमेरिकी मालगाड्यांचे जुने फोटो लावायला बसलोय आणि जीईच्या (जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या) तीन लोकोंनी, म्हणजे रेल्वे इंजिनांनी, डोकं पिकवलंय. डॅश ९-४४सीडब्ल्यू, एसी४४००सीडब्ल्यू, ईएस४४एसी. तिन्ही ४४०० अश्वशक्तीचे, तोंडवळा एकच, चाकांच्या जोड्या सहाच. रंगावरून ठरवावं तर एकाच कंपनीकडे तिन्ही! एखादी पक्की खूण आहे का?

कोळशेवाला: तोंड बघत बसू नका, शेपटी बघा. ईएस४४ला मागचा रेडिएटर चांगला जाडजूड, बाजूंना पंखांसारखा बाहेर आलेला. आधीच्या दोघांचे पंख पातळ. त्या दोघांत १६ सिलिंडरचं ७एफडीएल इंजिन. ईएस४४मध्ये १२ सिलिंडरचं गेवो. ताकद तेवढीच, पण धुराचे नियम कडक झाले, इंजिनात जाणारी हवा जास्त थंड करणं आलं, मग रेडिएटर फुगला. एकदा डोळ्यात बसलं की लांबूनही कळतं.

उरले डॅश ९ आणि एसी४४००. पहिल्याच्या मोटरी डीसी, दुसऱ्याच्या एसी. एसीला प्रत्येक मोटरमागे एक असे सहा इन्व्हर्टर (डीसी विजेची एसी करणारी यंत्रं), आणि ते ठेवायला केबिनच्या मागे डाव्या अंगाला भलंमोठं चौकोनी कपाट. डॅश ९ला तिथे किरकोळ खोकी. डावी म्हणजे केबिनमध्ये पुढे तोंड करून बसलेल्याची डावी, फोटोतली नव्हे! मी उजव्या अंगाचे फोटो घेऊन कपाट शोधत होतो. सापडेना, म्हणून सगळ्यांवर ‘डॅश ९’ लिहून मोकळा झालो. पुढे अख्खा अल्बम खोडावा लागला.

बोगीवरून (म्हणजे डबा नव्हे, लोकोखालची चाकांची चौकट) ठरवू नका. एसी४४००लाच वेगवेगळ्या बोग्या लागल्यात.

रूळवेडा: घ्या! माझे निम्मे फोटो उजव्या बाजूचेच.

कोळशेवाला: मग केबिनखालची बारीक अक्षरं वाचा, तिथे मॉडेल लिहिलेलं असतं. फक्त युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची बाराखडी वेगळी: एसी४४००ला ते ‘सी४४एसी’ म्हणतात आणि ईएस४४एसीला ‘सी४५एसीसीटीई’.

सांधेवाला: कपाटावरही डोळे झाकून विसंबू नका. नॉरफोक सदर्न रेल्वेने आपले ४००० अश्वशक्तीचे डॅश ९ उघडून एसी मोटरी बसवल्या, नाव दिलं एसी४४सी६एम. कपाट आहे, पण जन्माने डॅश ९च.

आणि बीएनएसएफ रेल्वेचा जाड पंखवाला दिसला तर लगेच ईएस४४एसी लिहू नका. तो ईएस४४सी४ असू शकतो. त्याच्या प्रत्येक बोगीत मधल्या जोडीला मोटरच नाही. थांबलेली गाडी ओढायला सुरुवात करताना हवेच्या सिलिंडरने मधल्या चाकांवरचा भार कमी करून बाजूच्या चाकांवर टाकतात. ते सिलिंडर बोगीवर, मधल्या चाकाच्या वर दिसतं.

रूळवेडा: भिंग घेऊन बसलो. बीएनएसएफच्या नारिंगी रंगाचे अकरा जाड पंखवाले निघाले, त्यातल्या चारांना ते सिलिंडर आहे. पाचव्याच्या बोगीसमोर नेमकं गवत!