'रबर बसले' म्हणजे जुळले की गेले? काढत्या छताच्या गाड्यांसाठी मराठी शब्द

मोटरवाचक:
मिशिगनमधील आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एका लेखाचे भाषांतर करीत आहे. लेख १९७०च्या दशकातील पोर्शे ९११ टार्गावर आहे. तिच्या डोक्यावरचा भाग काढून ठेवता येतो, आणि लेखाचा बहुतेक भर वेग वाढल्यावर तेथून येणाऱ्या वाऱ्याच्या आवाजावर आहे. मूळ लेखकाचे म्हणणे असे, की छत आपल्या जागी बरोबर आले असले तरी कडेचे रबर वर्षानुवर्षे दाबाखाली राहून आपली उभारी गमावते, आणि मग वरून घट्ट दिसणाऱ्या सांध्यातून हवा निसटू लागते. मी लिहिले, "छत नीट बसले आहे, पण रबर बसले आहे." संपादकांनी 'पण' खोडून 'आणि' केले आणि पुढच्या परिच्छेदाचा अर्थच उलटा झाला. 'बसणे' म्हणजे जागेवर येणे, असे ते म्हणतात. आमच्याकडच्या गॅरेजात मात्र 'रबर बसलंय' हे वाक्य नेहमी रबर बदलण्याआधीच ऐकू येई. येथे कोणता अर्थ प्रमाण मानावा, आणि या काढत्या तुकड्याला काय म्हणावे?

कोशवेडा:
दोन्ही अर्थ प्रमाण आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. ज्या वस्तूला ठरलेली जागा असते ती बसते तेव्हा जुळते. बिजागरी बसते, चूल बसते, माप बसते. ज्या वस्तूला उभार असतो ती बसते तेव्हा खचते. भिंत बसते, घसा बसतो, धंदा बसतो, आणि सूज बसली तर उलट बरे वाटते. रबराला जागाही असते आणि उभारही असतो, म्हणून ते दोन्ही बाजूंनी सापडते. आपल्या वाक्यात मी 'रबर चेपले आहे' असे लिहीन, कारण चेपलेली वस्तू पुन्हा उभी राहत नाही हे त्या शब्दात आपोआप येते. 'छत' मात्र मला पटत नाही. छत आतून पाहायचे असते आणि छप्पर बाहेरून. येथे उचलून बाजूला ठेवण्याची वस्तू आहे, तेव्हा तिला टप म्हणावे. एसटीच्या टपावर सामान चढवलेल्या पिढीला तो समजावून सांगावा लागणार नाही.

शुद्धिप्रिय:
गॅरेजातील बोलीला लिखित भाषेत आणण्याची ही घाई मला समजत नाही. वाऱ्याच्या आवाजाला 'वातध्वनी' आणि काढत्या तुकड्याला 'छदपट' असे दोन नेमके शब्द घडवता येतात, आणि ते एकदा रुळले की पुढच्या भाषांतरकाराची सोय होते. टार्गा या शब्दालाही आपण उगाच घाबरतो. सिसिलीमधील टार्गा फ्लोरिओ ही रस्त्यावरील शर्यत १९०६ मध्ये सुरू झाली, तिचे नाव पोर्शेने या गाडीला घेतले, आणि इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाटी किंवा ढाल असा होतो. मग 'ढालछत' म्हणण्यात काय वावगे आहे?

सुतारपुत्र:
'वात' म्हटले की मराठी वाचकाला गुडघे आठवतात, आणि या गाडीचे दुखणेही सांध्यांचेच असल्याने घोटाळा अधिकच वाढेल. ढालछताबद्दल मी काही बोलत नाही.

आमच्या घरी दारे-खिडक्या करण्याचा धंदा होता, त्यामुळे 'बसणे' या एका शब्दावर कोणी काम सोडलेले मी पाहिलेले नाही. दार बसले का, या प्रश्नात दोन प्रश्न असतात. पहिला फटीचा, म्हणजे चौकट आणि फळी यांच्यामधले अंतर सगळीकडे सारखे आहे का. दुसरा पातळीचा, म्हणजे दोन्हींचे पृष्ठभाग एका रेषेत आहेत का, की एक कड वर राहिली आहे. फट सारखी असूनही पातळी चुकते, आणि गाडीच्या टपाच्या बाबतीत ही दुसरी चूक अधिक बोचते. टपाची पुढची कड समोरच्या काचेच्या चौकटीपेक्षा किंचित वर राहिली, तर धावत येणारी हवा तिच्यावर आपटून फाटते. तीच कड किंचित खाली असली, तर हवा वरून सरळ निघून जाते. म्हणून भाषांतरात 'टप नीट बसला' एवढे न लिहिता 'फट सारखी आहे, पातळी चुकली आहे' असे दोन तुकडे करावेत. रबर ज्या खाचेत असते तिला खोबण म्हणावे आणि टप आवळून धरणाऱ्या कळेला खिट्टी म्हणावे.

ट्रॉयकर:
वाहनांच्या ध्वनिचाचण्या हे माझे रोजचे काम असल्याने मला मूळ लेखातील 'वाऱ्याचा आवाज' या शब्दाचीच अधिक काळजी वाटते. तो एक आवाज नसतो. मराठीत त्यासाठी निदान चार निरनिराळे शब्द सहज मिळतात, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते.

हवा रबराखालच्या झिरीतून निसटते तेव्हा सुसकारा ऐकू येतो. गाडी वेगात असताना समोरच्या खांबाजवळून हवा वळसा घेऊन जाते, तेथे तिचा वेग वाढतो आणि बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा कमी होतो. अशा गाड्यांच्या दारांच्या काचांना बहुधा वरची चौकट नसते. काचेची वरची कड थेट टपाच्या रबराला टेकलेली असते. दाबाच्या या फरकाने काच बाहेर ओढली जाते, टप वर उचलला जातो, आणि चेपलेले रबर त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. म्हणूनच हा सुसकारा एका ठरावीक वेगापर्यंत नसतो आणि नंतर एकदम सुरू होतो. शीळ वेगळी, तिला एक सूर असतो आणि ती बहुधा एखाद्या धारदार कडेमुळे किंवा अरुंद खाचेमुळे निघते. रबराची सुटलेली पाकळी किंवा कापडाची सैल कड फडफडते. टप काढून ठेवल्यावर गाडी घुमते, आणि ती कशी घुमते ते रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. फरक इतकाच, की येथे पोकळी मोठी असल्याने कंप सेकंदाला वीसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात आणि ते ऐकू येण्यापेक्षा कानाच्या पडद्यावर दाबासारखे जाणवतात. अशा वेळी एखादी काच थोडी खाली केली की बहुधा घुमणे थांबते.

घट्ट मिटलेल्या गाडीतही कडांवरून वाहणाऱ्या हवेच्या आवाजाची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घातात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की सुमारे १८ डेसिबलची भर पडते. त्यामुळे ताशी ५० किलोमीटरला न जाणवणारी चूक १०० ला असह्य होते. लेखकाने यापैकी कोणता आवाज ऐकला हे आधी ठरवावे, आणि मग शब्द शोधावा. गाडी हाताशी असेल तर सगळे सांधे कागदी चिकटपट्टीने बंद करून, त्याच रस्त्यावर त्याच दिशेने जाऊन, एकेक पट्टी काढत पाहावे. ज्या पट्टीबरोबर आवाज परत येतो तेथे दोष असतो. बाजूचा वारा बदलला तर मात्र ही चाचणी फसवते.

कोशवेडा:
सुसकारा माणूस टाकतो, गाडी कशी टाकेल? 'सूंसूं' किंवा 'सणसण' अधिक योग्य. बाकी तीन शब्द मान्य आहेत.

म्हापसेकर:
'टप' इतक्या सहजपणे आपला म्हणून मोकळे होऊ नका. पोर्तुगीज भाषेत 'तपार' म्हणजे झाकणे. वर ज्या बिजागरीचा उल्लेख आला तीही पोर्तुगिजांकडूनच आलेली आहे, मग घोडागाडीचे झाकण त्याच गलबतातून का उतरले नसावे?

शुद्धिप्रिय:
बिजागरीचे मूळ मान्य. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. त्याच न्यायाने कोणी इंग्रजी 'टॉप' पुढे करील आणि कोणी आपली टोपी. शिवाय टांग्याचा टप जागच्या जागी मागे पडतो, गाडीपासून सुटत नाही. येथे बिजागरीच नाही. वस्तू पूर्ण सुटते. तिला टप म्हटले तर कापडी छताच्या गाडीला काय म्हणणार?

मोटरवाचक:
कापडी छताला आमच्याकडे हूड म्हणत. अमेरिकेत मात्र हूड म्हणजे बॉनेट, त्यामुळे तो शब्द येथील वाचकांसाठी धोक्याचा आहे. 'फळी' सुचवण्याआधी सांगतो, की त्या काळातील ९११ चा टप दुमडून सामानाच्या कप्प्यात ठेवता येतो. पोर्शे ९१४ चा किंवा अमेरिकन कॉर्व्हेट गाडीचा तुकडा ताठ असतो, त्याला फळी शोभेल.

ट्रॉयकर:
अशा गोंधळात आपण एकटे नाही. १९६१ मध्ये आलेल्या ट्रायम्फ टीआर४ या ब्रिटिश गाडीसाठी मागची काच कायम ठेवून मधला तुकडा काढण्याची सोय मिळत असे, आणि त्या संपूर्ण रचनेला आज सगळे 'सरे टॉप' म्हणतात. वास्तविक ते नाव त्या ताठ तुकड्याऐवजी वापरायच्या कापडी आच्छादनाचे होते. वापरणाऱ्यांनी अर्थ फिरवला, आणि जाणकार अजूनही प्रत्येक वेळी दुरुस्ती सुचवतात.

सुतारपुत्र:
म्हणजे वापरच जिंकतो.

कॉर्व्हेटचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९६८ च्या कॉर्व्हेटमध्ये छताचे दोन तुकडे आणि मध्ये एक उभी पट्टी आली, कारण त्या पट्टीशिवाय सांगाडा पिळवटत होता. १९८४ च्या नव्या पिढीत पट्टी गेली आणि एकच अखंड तुकडा आला, पण तो पान्याने बोल्ट आवळून बसवावा लागे, म्हणजे तो नुसते झाकण न राहता चौकटीचाच भाग झाला. पुढच्या पिढीत हाताने फिरवायच्या खिट्ट्या आल्या. गाडी जॅकवर किंवा उंचसखल जागी असताना असा तुकडा बसवू नये असे सांगतात, कारण सांगाडा त्या क्षणी जसा वाकलेला असतो त्याच आकारात फट ठरून जाते. यासाठी सुतारकामात 'चौकट गुण्यात आहे का', म्हणजे तिचे कोपरे काटकोनात आहेत का, असे विचारतात. 'बसणे' बाजूला ठेवून 'गुण्यात असणे' का वापरू नये?

शुद्धिप्रिय:
गुण्यात चौकट असते, रबर नव्हे. आणि त्या मधल्या पट्टीला आपण काय म्हणाल?

सुतारपुत्र:
आढे.

कोशवेडा:
आढ्यावर वासे टेकतात आणि ते उताराच्या माथ्यावर असते. येथे पट्टीच्या दोन्ही बाजूंना सपाट झाकणे येऊन टेकतात. फार तर 'मधला दांडा' म्हणता येईल.

सुतारपुत्र:
दांडा भार घेत नाही. ती पट्टी समोरच्या काचेची चौकट आणि मागची कमान यांना बांधून ठेवते, आणि घरात हे काम आढेच करते.