घरच्या रीलोडिंगसाठी प्रोग्रेसिव्ह प्रेस: डिलनचा ५५० घ्यावा की ७५०?

ऑस्टिनकर:
नमस्कार. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या जवळ राहतो आणि गेली दोन वर्षे यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्थानिक सामन्यांत ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने भाग घेतो. सराव आणि सामने मिळून महिन्याला सुमारे ८०० काडतुसे लागतात. वर्षभरापासून साध्या, एका वेळी एकच डाय (पुंगळीला मापात आणणारा साचा) बसणाऱ्या प्रेसवर मी वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) पुन्हा भरून ती स्वतः तयार करतो आहे; यालाच रीलोडिंग म्हणतात. परंतु त्यावर प्रत्येक पुंगळी तीन-चार वेळा हाताळावी लागते आणि १०० काडतुसांना सहज दोन तास जातात. त्यामुळे शनिवारी भरायचे आणि रविवारी उडवून मोकळे व्हायचे, एवढेच आयुष्य उरले आहे.

आता प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे हँडलच्या एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळी कामे करणारा प्रेस, घ्यायचा विचार आहे. डिलनचा आरएल ५५०, त्याच कंपनीचा एक्सएल ७५० आणि हॉर्नेडीचा लॉक-एन-लोड एपी अशा तिघांवर येऊन थांबलो आहे. जागा गॅरेजमध्ये आहे आणि घरात सहा व नऊ वर्षांची दोन मुले आहेत. वेग हवा आहे, पण एका चुकीने पिस्तूल आणि हात दोन्ही जाऊ शकतात याचीही जाणीव आहे. निवड कशी करावी, आणि प्रेस घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय करावे व काय करू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुना फिटर:
तुमचा शेवटून दुसरा मुद्दा खरा पहिला आहे. वेगाचे आकडे बाजूला ठेवा. कोणत्या प्रेसवर पावडर (गोळी ढकलणारी दारू) पडलेली प्रत्येक पुंगळी गोळी बसण्याआधी तुमच्या नजरेखालून जाते, एवढेच आधी पाहा.

५५० मध्ये चार स्थानके आहेत. पहिल्यावर जुना प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) निघतो, पुंगळी मापात येते आणि नवा प्रायमर बसतो. दुसऱ्यावर तोंड किंचित फुलते व पावडर पडते. तिसऱ्यावर गोळी बसते आणि चौथ्यावर तोंड आवळले जाते. शेलप्लेट, म्हणजे पुंगळ्या धरणारी फिरती चकती, मात्र प्रत्येक वेळी डाव्या हाताच्या अंगठ्याने स्वतः फिरवावी लागते. ७५० मध्ये पाच स्थानके असून प्लेट आपोआप पुढे सरकते. हॉर्नेडीलाही पाच स्थानके आहेत आणि तिथे प्लेट निम्मी हँडल एका दिशेला जाताना व निम्मी परतताना सरकते, त्यामुळे तिची चाल मऊ वाटते. ली कंपनीचा तीन स्थानकांचा प्रो १००० स्वस्त आहे आणि त्यावर उत्तम काडतुसे भरणारे लोक मी पाहिले आहेत, पण त्याला सतत हात लावत बसण्याची आवड असावी लागते.

५५० वर आक्षेप असा घेतला जातो की प्लेट फिरवायला विसरलात आणि हँडल पुन्हा ओढले तर त्याच पुंगळीत दुप्पट पावडर पडते. आक्षेप खरा आहे. तरीही मी नवशिक्याला ५५०च सुचवतो, कारण हाताने फिरवताना मन कामावर राहते आणि काही अडकले तर प्लेट मागे घेऊन शांतपणे पाहता येते. माझ्या पाहण्यात गंभीर चुका सुरळीत चाललेल्या कामात क्वचितच होतात. फोन वाजला, प्रायमर अडकला, मुलाने हाक मारली आणि आपण परत येऊन 'कुठे होतो बरे' असे म्हणत हँडल ओढले, की त्या क्षणी होतात. आपोआप फिरणारी प्लेटही अर्धवट ओढलेल्या हँडलपुढे तुमच्याइतकीच गोंधळते. म्हणून माझा नियम असा आहे की कोणत्याही कारणाने काम थांबले तर पावडरच्या स्थानकावरची आणि त्यापुढची, अजून गोळी न बसलेली पुंगळी काढायची, ती डब्यात रिती करायची आणि मगच पुढे जायचे. यात वाया काहीच जात नाही.

महिन्याला ८०० म्हणजे ५५० वर सावकाश भरूनही तीन तासांचे काम आहे. त्यासाठी ७५० ची गरज नाही.

ओहायोची नेमबाज:
फिटरकाकांच्या नियमाशी मी पूर्ण सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. चार स्थानकांच्या प्रेसवर गोळी बसवणे आणि तोंड आवळणे ही कामे वेगवेगळ्या डायने करायची ठरवली, तर पावडर तपासणाऱ्या डायला जागाच उरत नाही. ७५० वर तिसरे स्थानक त्यासाठी मोकळे मिळते. डिलनची तपासणी डाय पावडर कमी वा जास्त असल्यास आवाज करते, तर आरसीबीएस कंपनीची लॉकआउट डाय प्रेसच अडवते. ९ मिलिमीटरमध्ये काही जलद जळणाऱ्या पावडरींचे माप इतके लहान असते की दुप्पट पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही आणि मंद उजेडात ते कळतही नाही. उलट पावडर अजिबात पडली नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते, आणि घाईत तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. म्हणून सामन्यात 'पट' असा विचित्र, हलका आवाज आला की झाडणे तिथेच थांबवायचे आणि नळी रिकामी आहे की नाही ते पाहायचे.

यावर स्वस्त उपायही आहे, आणि तो ५५० वरही चालतो. रीलोडिंगच्या मॅन्युअलमधील (मापे देणाऱ्या पुस्तिकेतील) पावडरींपैकी अशी निवडा की जिचे माप पुंगळीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापते. मग दुप्पट पडली तर ती टेबलावर सांडते आणि लपत नाही. शिवाय गोळी बसवण्याच्या जागेच्या वर एलईडीची छोटी पट्टी लावा, म्हणजे प्रत्येक पुंगळीत डोकावता येईल. माझ्या मते प्रेसवर केलेला सर्वांत उपयोगी खर्च हाच आहे.

मुलांबद्दल मात्र मला जास्त बोलायचे आहे. वापरलेल्या प्रायमरच्या राखेत शिसे असते. पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवून स्वच्छ केल्या तर तीच धूळ गॅरेजभर पसरते, म्हणून मी पाण्यात, स्टीलच्या बारीक काड्यांसह घोळवते आणि ते पाणी मुलांच्या वावरापासून दूर ठेवते. त्या टेबलाजवळ खाणे-पिणे नाही, काम संपल्यावर हात थंड पाण्याने व साबणाने धुवायचे, आणि त्या कपड्यांनिशी मुलांना उचलून घ्यायचे नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेज तापते, तेव्हा पावडर आणि प्रायमर घरातल्या थंड, कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवा. अमेरिकेतील एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात २० पौंडांपर्यंत बिनधुराची पावडर मूळ डब्यांत ठेवता येते, त्याहून अधिक असल्यास जाड लाकडी पेटी लागते, आणि प्रायमरची मर्यादा १०,००० आहे. तुमच्या शहराचे नियम याहून कडक असू शकतात, ते जरूर पाहा. पावडर कधीही दुसऱ्या डब्यात ओतू नका, आणि टेबलावर एका वेळी एकाच प्रकारचा डबा असू द्या.

(आमच्याकडे आईसमोर पावडरला 'दारू' म्हणायची सोय नाही, म्हणून आम्ही सगळे निमूटपणे 'पावडर' म्हणतो.)

जुना फिटर:
पावडर तपासणीचा मुद्दा मान्य आहे. मला ५५० ची सवय आहे, त्यामुळे माझ्या मतात थोडा पक्षपात असणारच.

आता मांडणीविषयी. प्रेसखालचे टेबल डुलले की पावडरचे मापही डुलते, कारण मापक प्रत्येक झटक्याने हलतो आणि पावडर वेगळ्या प्रकारे बसते. टेबल भिंतीतील लाकडी उभ्या खांबांना बोल्टने पक्के करा. अमेरिकन घरांत ते साधारण १६ इंचांच्या अंतरावर सापडतात. नुसते प्लास्टरबोर्डवर स्क्रू मारू नका, तो पहिल्याच महिन्यात निघून येईल.

पहिल्या दिवशी प्रायमर आणि पावडर खोलीतच आणू नका. सर्व स्थानके फक्त रिकाम्या पुंगळ्या व गोळ्या यांवर जुळवा. त्यातही एक गोष्ट फार लोक चुकवतात: गोळी बसवण्याची डाय एकट्या पुंगळीवर जुळवून घट्ट करतात. सर्व स्थानके भरलेली असली की शेलप्लेटवर एकाच वेळी चार ठिकाणांहून दाब येतो, ती किंचित झुकते आणि काडतुसाची लांबी बदलते. म्हणून अंतिम जुळवणी नेहमी प्रत्येक स्थानकावर पुंगळी ठेवूनच करावी आणि त्याच स्थितीत डाय जागेवर धरणारी लॉकरिंग आवळावी. ९ मिलिमीटरच्या काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच आहे, पण तुमच्या पिस्तुलाच्या नळीला आणि गोळीच्या आकाराला याहून कमी लागू शकते. नळी पिस्तुलातून काढून त्यात काडतूस सोडून पाहा. ते 'टक्' असा आवाज करून बसले, फिरवले असता सहज फिरले आणि उलटे धरताच आपोआप बाहेर पडले, तर ठीक. हे काडतूस पुंगळीच्या तोंडावर टेकते, त्यामुळे तोंड रिव्हॉल्व्हरसारखे आत दुमडायचे नाही. फुलवलेला भाग फक्त पुन्हा सरळ करायचा आहे. तोंडाचा बाहेरचा व्यास ०.३८० इंचाच्या वर जाऊ नये.

प्रायमर अडकला तर हँडलवर जोर देऊ नका. चष्मा नेहमी डोळ्यांवर असावा.

पुणे_१०मीटर:
वाचून कुतूहल वाटले. मी एअर पिस्तुलवाला असल्याने छर्ऱ्यांपलीकडे माझा संबंध येत नाही, परंतु आमच्या क्लबमध्ये मोठ्या बोअरची महाग काडतुसे पाहून पुष्कळांना 'आपणही असा प्रेस आणावा' असे वाटते. भारतात हे चालेल का?

ओहायोची नेमबाज:
हौस म्हणून घरी, परवान्याशिवाय, नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि शस्त्र बाळगण्याचा तुमचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्रीय परवाना लागत नाही; विकण्याचा धंदा करायचा म्हटले की तिथेही लागतो. त्यामुळे इथला कोणताही सल्ला उचलून पुण्यात वापरू नका.

ऑस्टिनकर:
सर्वांचे मनापासून आभार. शेवटी ७५० घेतला, पण पुंगळ्या आपोआप पुरवणारे यंत्र घेतले नाही. म्हणजे प्रत्येक पुंगळी मीच हाताने ठेवतो आणि कामाची गती आपसूक आवरलेली राहते. तिसऱ्या स्थानकावर तपासणी डाय आहे, वर एलईडीची पट्टी आहे आणि भिंतीवर काकांचा नियम मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

दोन शनिवार फक्त जुळवणीत गेले. एकट्या पुंगळीवर आणि भरलेल्या प्लेटवर मोजलेल्या लांबीत खरोखरच चार-पाच हजारांश इंचाचा फरक आला, तेव्हा तो इशारा वाचला नसता तर मी डायला दोष देत बसलो असतो. मग २०० काडतुसे भरली. पहिल्या वीस मापांचे एकेकाचे, आणि नंतर दर दहाव्याचे वजन केले. मध्येच एका पुंगळीचे तोंड फुललेच नाही आणि गोळी कलंडून खाली पडली. काढून पाहिली तर ती पुंगळी .३८० या दुसऱ्या काडतुसाची निघाली, जी दिसायला तशीच पण १७.३ मिलिमीटर लांबीची, म्हणजे आपल्या १९.१५ पेक्षा आखूड असते. रेंजवरून गोळा केलेल्या ढिगात अशा आणखी अकरा सापडल्या. आता सगळा ढीग आधी निवडून घेतो.

एक शंका उरली आहे. सामन्यांतील मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांच्या) वर्गाला १२५ पॉवर फॅक्टर (गोळीचे वजन गुणिले वेग, भागिले १०००) लागतो, आणि १४७ ग्रेन (वजनाचे लहान एकक) गोळीला सेकंदाला ८८० फुटांचा वेग मिळाला तर हिशेबाने १२९ येतो. मॅन्युअलमधील सर्वांत कमी मापापासून सुरुवात केली आहे, पण माझी नळी त्यांच्या चाचणीच्या नळीहून लहान आहे. पुढच्या रविवारी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा-दहाचे संच झाडून पाहणार आहे. तोवर उरलेली काडतुसे, तारीख आणि पावडरचे नाव लिहिलेल्या डब्यात, कुलपात आहेत.

जुना फिटर:
क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून दहा फुटांवर ठेवा, नाहीतर धुराने व झोताने आकडे वेडेवाकडे येतील. आणि थंडीत पुन्हा एकदा मोजा. काही पावडरी थंडीत वेग कमी देतात, आणि १२९ चे १२४ झालेले सामन्याच्या दिवशी कळून उपयोग नसतो.