मेरी कॅसाट: फक्त आई-बाळंच?

घाटमाथा: मेरी कॅसाट, एकोणिसाव्या शतकात पॅरिसला राहून चित्रं काढणारी अमेरिकन बाई. तिच्याबद्दल दुसऱ्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, 'कॅसाट म्हणजे फ्रेंच चित्रकार देगाची शिष्या. श्रीमंताघरची, लग्न नाही, मूल नाही, आणि जन्मभर गोंडस आई-बाळं काढली.' तिथे लिहिता लिहिता उत्तर वाढलं, म्हणून वेगळा धागा.

शिष्या कसली? देगाने १८७७ साली तिला आपल्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या गटात बोलावलं, त्याच्या नऊ वर्षं आधीच तिचं चित्र पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मानाच्या प्रदर्शनात, लागलं होतं. एकोल दे बोझार हे तिथलं सरकारी कलाविद्यालय बायकांना घेत नव्हतं, तर बाईने जेरोम या चित्रकाराकडे खाजगी शिकवणी धरली आणि लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला केल्या. नाट्यगृहाच्या बॉक्समधलं तिचं १८७८चं चित्र बघा. काळ्या पोशाखातली बाई दुर्बिणीतून समोर बघतेय आणि मागचा एक बाप्या दुर्बिणीतून तिलाच न्याहाळतोय. यात बाळ दाखवा! १८९१च्या तिच्या दहा रंगीत ठशांपैकी (धातूच्या पत्र्यावर रेखून कागदावर छापलेली चित्रं) सहांतही मूल नाही.

तिरका_ब्रश: तो 'एकाने' म्हणजे मीच, नाव घेतलंत तरी चाललं असतं. कॅसाटच्या निळ्या खुर्चीतल्या मुलीच्या चित्रात देगाने पार्श्वभूमीवर हात फिरवला होता, हे कॅसाटनेच पुढे व्होलार या चित्रविक्रेत्याला कळवलंय. आणि ठशांचं काय कौतुक? पंचवीस-पंचवीस प्रती. आमच्या देवघरातही रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती.

जस्ताचा_पत्रा: आली लक्ष्मी! अहो, मळवलीच्या त्या प्रेसमध्ये रविवर्म्याच्या तैलचित्रावरून कारागीर दगडावर नक्कल उतरवायचे. कॅसाट स्वतः ताम्रपटावर सुईने रेघ ओढायची, पटावर हाताने रंग भरायची आणि प्रत्येक कागदाला पुन्हा भरायची. लेरुआ नावाच्या छपाईवाल्याबरोबर आठ तास राबून दिवसाला आठ-दहा प्रती निघायच्या. दोन प्रती हुबेहूब सारख्या निघतच नाहीत.

आमच्या कॉलेजात ठसेचित्रण म्हणजे पेंटिंगला नंबर न लागलेल्यांचा विभाग. राळेच्या धुळीने खोकायचं, ॲसिडने बोटं पिवळी करायची आणि प्रदर्शनात ऐकायचं काय, तर 'कॉपी आहे ना, मग कमी करा की!'

तिरका_ब्रश: तुमचे ठसे खपत नाहीत यात कॅसाटचा काय दोष?

जस्ताचा_पत्रा: खपतात. तुमच्यासारखे घेत नाहीत, एवढंच. आयुष्यात एकदा तरी प्रेसचं चाक फिरवलंय का?

घाटमाथा: विषय कॅसाटचा आहे हो.

दुपारचा_चहा: ज्यांना ती चित्रं गोंडस वाटतात त्यांनी स्वतः कधी मूल न्हाऊ घातलंय का? १८९३चं बाळाच्या अंघोळीचं चित्र बघा, आईचा हात त्या पोरीला कसा घट्ट धरून आहे. माझी लेक ओल्या अंगाने निसटायची तेव्हा अगदी अश्शीच धरायचे मी. निळ्या खुर्चीतली पोर तर चक्क कंटाळून पसरलीय. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकन विभागाने ते चित्र नाकारलं, ते उगाच नाही.

पण तिरकाराव, अर्धं तुमचंही खरं. १९०० नंतरच्या तिच्या बऱ्याच चित्रांत साखर जास्त झालीय. आणि घरात नोकरचाकर असल्यावर मलाही ब्रश धरायला वेळ मिळाला असता! माझे रंग कपाटात वाळले.

घाटमाथा: नोकर होते, मान्य. पण बापाने बजावलं होतं, स्टुडिओचा खर्च चित्रं विकून काढायचा.

तिरका_ब्रश: आणि राहणं-जेवण बापाचं! आमच्या चाळीत त्याला श्रीमंतच म्हणायचे. भाऊ पुढे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अध्यक्ष झाला, तेही जोडा.

घाटमाथा: जोडतो. त्यासोबत हेही जोडा की १९१५ साली, मोतीबिंदूने हातातलं काम सुटत असताना, बायकांच्या मताधिकारासाठी न्यूयॉर्कला भरलेल्या प्रदर्शनात तिची चित्रं होती.

तिरका_ब्रश: बरं बाबा, 'शिष्या' मागे घेतो. काल रात्री ते दहा ठसे मोठे करून पाहिले. पत्राचं पाकीट ओठांशी धरलेली बाई झकास आहे. आई-बाळांबद्दलचं मत मात्र तसंच. आणि रविवर्म्याच्या छपाईला नावं ठेवणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढतोय.

जस्ताचा_पत्रा: काढाच. पहिला प्रतिसाद माझा.