शब्दचर्चा: 'प्लांट हंटर'ला मराठीत काय म्हणायचं?

सुपारी
इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकरच्या 'हिमालयन जर्नल्स' या प्रवासवर्णनातल्या (१८५४) काही पानांचा अनुवाद करतेय आणि एका वाक्यापाशी आठवडाभर अडून बसलेय.

२७ ऑक्टोबर १८४८ला हुकर दार्जिलिंगहून पूर्व नेपाळच्या दिशेने निघाला. तो धरून ५६ माणसं. कुणाच्या पाठीवर काय होतं याची यादीच त्याने दिलीय. तंबू, उपकरणं, बिछाना, कपड्यांची पेटी, पुस्तकं-कागदपत्रं, यांना एकेक माणूस. रोपं वाळवायचे कागद आणि बाकीचं शास्त्रीय सामान उचलायला आणखी सात. शिध्याला चौदा: तांदूळ, तूप, तेल, मिरच्या, मीठ, पीठ. आणि शिवाय तीन लेपचा (सिक्कीमकडची एक जमात) पोरगे. त्यांचं काम झाडांवर चढणं आणि 'झाडांचे कागद बदलणं'.

अडचणी दोन. प्रस्तावनेत 'प्लांट हंटर' (परमुलखात फिरून रोपं-बिया गोळा करणारा) हा शब्द हवाय, त्याला मराठीत काय? आणि 'झाडांचे कागद बदलणे' असं लिहिलं तर वाचकाला सातबारा आठवेल. मदत करा.

घाटवाट
'वनस्पती-शिकारी'. झालं की. पेपरवाले हेच लिहितात.

सुपारी
तेच टाळायचंय. शिकारी म्हटलं की मराठी वाचक मचाणावर जाऊन बसतो. शिवाय याच तांड्यात हॉजसनचा (हुकरचा दार्जिलिंगमधला निसर्ग-अभ्यासक मित्र) खराखुरा शिकारी आहे, पक्षी-प्राणी मारून पेंढा भरणारा. एकाच पानावर दोन शिकारी, एक बंदूकवाला आणि एक फुलंवाला, असा घोळ होतोय.

मोडीवाचक
माणसाच्या आधी प्रवासाला शब्द शोधा, माणूस आपोआप सापडेल. 'मोहीम' सगळे लिहितात. अरबी शब्द, आपल्याकडे फौजेबरोबर आला, आता गिर्यारोहकांनी आणि पल्स पोलिओने वाटून घेतलाय. चालेल, पण बेचव.

माझं मत 'मुलूखगिरी'ला. आज आपण हा शब्द नुसत्या भटकंतीसाठी वापरतो, सुट्टीत कोकणात मुलूखगिरी केली वगैरे. मूळ अर्थ तेवढा निरुपद्रवी नाही. गायकवाडांच्या फौजा काठेवाडात मुलूखगिरीला जायच्या त्या खंडणी वसूल करायला. परमुलखात शिरायचं, मुक्काम-दरमुक्काम फिरायचं आणि तिथलं गोळा करून आपल्या खजिन्यात आणायचं. हुकर सिक्कीममधून लंडनच्या क्यू या वनस्पती-बागेसाठी रोपं आणि बिया गोळा करत होता. सिक्कीमच्या दिवाणाला त्यात निव्वळ फुलं दिसली नाहीत. नोव्हेंबर १८४९मध्ये त्याने हुकर आणि दार्जिलिंगचा ब्रिटिश अधिकारी कॅम्पबेल, दोघांनाही अटकेत टाकलं, ते डिसेंबरअखेर सुटले. दिवाणाला मराठी येत असतं तर त्याने 'मुलूखगिरी' हाच शब्द वापरला असता.

सुपारी
हे आवडलं. पण मुलूखगिरी करणाऱ्याला काय म्हणायचं? 'मुलूखगीर' म्हटलं तर लोक आडनाव समजतील.

जुनीवही
मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

एमएस्सीला असताना आमची सहल कुमाऊंत गेली होती, मुनस्यारीच्या बाजूला. सप्टेंबर, पावसाने पाठ सोडलेली नव्हती. आमच्याकडे रोपं दाबून वाळवायचा, लाकडी पट्ट्यांच्या जाळीचा प्रेस. खाली जाळी, वर जाळी, मधे जुन्या पेपरांची चळत, प्रत्येक घडीत एक रोप, आणि वरून चामडी पट्टे आवळायचे. रोपातलं पाणी कागद शोषून घेतो. म्हणून रोज रात्री ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे, ओले स्टोव्हभोवती वाळत टाकायचे. खोलीभर रॉकेल आणि भिजक्या शाईचा वास. हिंदी बातम्या उलट्या होऊन पानांवर उमटायच्या.

दोन रात्री आम्ही कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी पट्टे सोडले तर पानं काळी पडलेली, फुलांना बुरशी, पाकळ्या कागदाला चिकटून सुटून आलेल्या. सर ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली?" तिघांनी एकदम मान खाली घालून उत्तर दिलं, "न फिरवल्यामुळे."

तेव्हा सुपारीताई, कागद 'बदलत' नाहीत, 'पालटतात'. निदान आम्ही तसं म्हणायचो. 'रोपांखालचे कागद पालटणे' असं लिहा. हे हलकं काम नाही. दिवसभर चालून आल्यावर, बोटं गारठलेली असताना, नाजूक फूल न मोडता एका कागदावरून दुसऱ्यावर घ्यायचं. मांसल पानांची झाडं तर प्रेसमध्येही दिवसचे दिवस जिवंत राहतात, त्यांना आधी उकळत्या पाण्यात बुचकळावं लागतं. आज क्यूच्या कपाटात हुकरचं जे रोप धड आहे ते या पोरांनी वेळेवर कागद पालटले म्हणून धड आहे.

आता पहिला प्रश्न. या कागदाला आपल्याकडे नाव काय? टीपकागद. आणि क्रियापद? टिपणे. या क्रियापदाकडे जरा बघा. पाखरू दाणे टिपतं. टीपकागद शाई टिपतो. डोळे टिपतात. नेमबाज सावज टिपतो. कॅमेरा क्षण टिपतो. आणि वहीत आपण टिपून ठेवतो, टिपण करतो. हुकर दिवसभर नेमकं हेच करतोय. हजार झाडांतलं एक हेरायचं, खुडायचं, कागदात दाबून त्यातलं पाणी काढायचं, उंची-तारीख-जागा वहीत नोंदवायची. इंग्रजीला यासाठी चार शब्द लागतील. तुमचा 'हंटर'सुद्धा त्यात आपोआप आला, बंदूक न घेता.

सुपारी
काका, दंडवत. 'झाडं टिपणारा'! याच्यावर मी आज झोपणार नाही.

कुंदा
अवांतर: हिमालयातल्या झाडांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्या कुंडीत रात्री फुलणारं 'ब्रह्मकमळ' हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमल वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं, उंचावर दगडधोंड्यांत येणारं. दरवर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "हिमालयातलं दुर्मीळ फूल आमच्या बाल्कनीत" असा फोटो येतो आणि दरवर्षी मी वाईट होते.
उलट खरोखर हिमालयातून आलेलं आपण ओळखतच नाही. बाळगुटीतलं अतिविष आणि काकडशिंगी तिकडचीच. ती सहाणेवर उगाळताना कुणी मोहीम म्हटलं नाही.

डेहराडूनकर
तिकडे बारा वर्षं काढलेला मराठी माणूस, म्हणून दोन-तीन पुरवण्या.

'सरदार' जपून वापरा. मोहिमेतला सरदार म्हणजे हमालांचा मुकादम. मराठीत तसंच ठेवलंत तर वाचकाला डोक्यावर पगडी आणि कमरेला तलवार दिसेल. 'मुकादम' लिहा.

'ला' म्हणजे तिबेटी भाषेत खिंड. म्हणून 'नाथू ला खिंड' म्हणजे खिंड खिंड. हुकर १८४९मध्ये डोंकिया लावर चढला, अठरा हजार फुटांच्या वर. आता याला मराठी विभक्ती लावून बघा: 'डोंकिया लाला पोचला'. कुणीतरी किराणा दुकानदार वाटतो. तुम्ही सरळ 'डोंकिया खिंडीत' लिहा.

आणि 'कुली'. इथे मात्र थांबायला हवं. कुमाऊंत साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान वाहणं गावकऱ्यांना सक्तीचं होतं, गावोगावी नोंदवह्या असायच्या. याचं नावच 'कुली बेगार'. जानेवारी १९२१मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी त्या वह्या शरयूत बुडवल्या आणि ती पद्धत बंद पाडली. आपल्या 'वेठबिगार'मधला 'बिगार' तो हाच, फारसीतून आलेला. हुकरची माणसं सिक्कीम-नेपाळकडची, वेगळा मुलूख, तेव्हा त्यांना वेठबिगार म्हणू नका. पण सगळ्या हिमालयासाठी सरसकट 'हमाल' लिहिलंत तर कुमाऊंची गोष्ट हरवते. 'शेर्पा' तर मुळीच नको, ते एका समाजाचं नाव आहे, धंद्याचं नाही.

घाटवाट
मी परत आलो. 'टिपणे' छान आहे, टाळ्या, पण फार सोज्वळ आहे हो. चिमणी दाणे टिपते. हुकर १८५०मध्ये थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राबरोबर खासी टेकड्यांत गेला (हिमालय नव्हे, माहितीये, पण माणूस तोच), तिथे निळ्या वांडाची, म्हणजे त्या निळ्या आमरीची (ऑर्किडची), सात माणसांची ओझी भरून क्यूसाठी काढली. सात माणसांची! त्यातली थोडकीच इंग्लंडला जिवंत पोचली. जागा बघायला एका गृहस्थाने आपला माळी बरोबर धाडला होता. त्याने एकाच माणसाचं ओझं पाठवलं, तेही पोचेपर्यंत मरगळलेलं, तरी ३०० पौंडांना विकलं गेलं. हे टिपणं नाही. याला आमच्याकडे 'ओरबाडणं' म्हणतात.

जुनीवही
मान्य. वाळवायला एक फांदी खुडणं आणि विकायला मुळासकट झाड उपटणं यात फरक आहे. एक वहीसाठी, एक बाजारासाठी. हुकरने दोन्ही केलं आणि दोन्हीची नोंद स्वतःच लिहून ठेवली, हे त्याच्या बाजूने सांगतो. सिक्कीमच्या रोडोडेंड्रॉनवरचं त्याचं पुस्तक वाळक्या रोपांवर आणि जागेवर केलेल्या चित्रांवर उभं आहे. अनुवादात दोन क्रियापदं ठेवावीत. खासीच्या पानावर 'ओरबाडणे' बिनदिक्कत वापरा.

मोडीवाचक
म्हणजे माझी मुलूखगिरी अगदीच वाया गेली नाही.

कुंदा
पण ती पोरं झाडांवर कशाला चढायची? रोडोडेंड्रॉन तर बुटकं असतं ना?

जुनीवही
सगळं नाही. लेडी डलहौसीच्या नावाचं जे रोडोडेंड्रॉन आहे ते ओक आणि मॅग्नोलियाच्या खोडांवर वाढतं. पांढरी, मोठाली फुलं. खालून हात पोचत नाही. त्याला बांडगूळ म्हणू नका बरं का, ते झाडाचं काही खात नाही, नुसतं बसायला जागा घेतं. शास्त्रीय शब्द 'अपिवनस्पती'. आणि खाली उभं राहायचं म्हटलं तर जळवा. हुकरने उपाय म्हणून तपकीर आणि तंबाखूची पानं सांगितली आहेत आणि लगेच पुढे कबूलही केलंय की भर पावसात चालताना ती लावता येत नाहीत.

सुपारी
सगळ्यांचे आभार. सध्याचा मसुदा असा: "शिवाय झाडांवर चढायला आणि रोपांखालचे कागद पालटायला तीन लेपचा पोरगे होते, हेच काम करत ते कितीतरी दिवस माझ्याकडे होते." प्रस्तावनेत 'झाडं टिपणारे', खासीच्या पानावर 'ओरबाडणे', आणि सरदाराचा मुकादम केलाय.

घाटवाट
'पोरगे' की 'पोरं'?

सुपारी
'पोरं' म्हटलं की शाळेतली वाटतात.

जुनीवही
'पोरगे'च ठेवा. आणि 'माझ्याकडे होते' ऐवजी 'माझ्याकडे कामाला होते'. नाहीतर पाहुणे वाटतील.