मदत हवी आहे: सरकारी कार्यालयात लिबरऑफिस आणायचंय, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

एका सरकारी खात्यासाठी टिपण तयार करतोय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नवीन मशीन आणि नवीन परवाने असा प्रस्ताव आलाय. साहेबांनी विचारलं, "लिनक्स का नको?" लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, आणि लिबरऑफिस हा वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारा मोफत संच, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण 'फुकट आहे म्हणून घ्या' एवढंच लिहिलं तर पहिल्याच बैठकीत टिपण बारगळणार, आणि बारगळायलाच हवं. ट्रेनिंग आणि सपोर्टला पैसे लागतातच.

माझ्या मते खरी गोम फायलींत आहे. लेखा शाखेत एक एक्सेल फाइल आहे. बनवणारे केव्हाच निवृत्त झाले, आत व्हीबीए मॅक्रोंचं (एक्सेलमध्ये आपोआप कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) जंगल. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडते, आकडेही बरोबर दिसतात, पण 'बिल तयार करा' बटण दाबलं की एरर. वर्डमधली पत्रं त्या मानाने सरळ. कॅलिब्री फॉन्ट नसला की मजकूर सरकतो आणि सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते. कार्लिटो हा मोफत फॉन्ट टाकल्यावर हे बरंचसं सुटलं, त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच आहे.

बाहेरची उदाहरणं वाचली. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, हजारो मशीन बदलली आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजचा निर्णय घेतला. विरोधक हेच तोंडावर मारतात. उलट फ्रान्सच्या जाँदार्मरीने (तिथलं निमलष्करी पोलीस दल) २००५ मध्ये आधी ओपनऑफिस (लिबरऑफिसचा पूर्वज) आणलं, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटू हे लिनक्स. लोकांच्या हाताला प्रोग्रॅम आधी सरावले, खालची सिस्टीम नंतर बदलली. मला हा क्रम पटतो. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानेही २०२४ मध्ये सुमारे ३०,००० मशीनसाठी लिबरऑफिसचा निर्णय जाहीर केला.

आता अडलंय ते इथे:

मॅक्रोवाल्या फायली पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहाव्यात, की त्यांच्यापुरती दोन-चार विंडोज मशीन ठेवावीत? दुसरा मार्ग सोपा आहे, पण ती 'तात्पुरती' मशीन कायमची होतील अशी भीती वाटते.

शिवाय निविदेत ओडीएफची (लिबरऑफिस वापरतं तो खुला फाइल प्रकार) अट कशी घालावी? नुसतं 'ओडीएफ चालेल' लिहिलं की पुरवठादार हो म्हणतो आणि वर्डची डीओसीएक्स फाइलच पाठवतो. कुणी अशी अट प्रत्यक्षात पाळून घेतली असेल, तर तिचा मसुदा इथे टाकाल का?

(विंडोज वाईट की लिनक्स चांगलं, हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.)