आयबीचे ते तीन गुण आणि आपला पोटशूळ

चाफा
परवाच्या बारावी निकालाच्या धाग्यावर खडूस_काकांनी आयबी डिप्लोमावर (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) एक पिंक टाकली: "आयबीवाल्यांचं बरंय. चार पानी निबंध खरडा, वृद्धाश्रमात फोटो काढा, वर तीन गुण बोनस. आमची पोरं एका गुणासाठी पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरतात." लोकांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी आयबीला इतिहास शिकवते आणि दरवर्षी काही मुलांच्या ईईची (एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधन-निबंध) सुपरव्हायजर असते. त्यामुळे हे 'खरडणं' फार जवळून बघते.

आधी फोटो. फोटोंना गुण शून्य. कॅस (कला, खेळ, समाजसेवा असे उपक्रम) अठरा महिने करायचं, नोंदी ठेवायच्या, पूर्ण झालं नाही तर डिप्लोमा अडतो आणि पूर्ण झालं तर हाती काही नाही. सहा विषयांचे 42 सोडून उरलेले 3 गुण येतात ते ईई आणि टॉक (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे आपल्याला जे कळतं ते कसं कळतं हा विषय) यांच्या ग्रेडच्या जोडीवर. ए-ए किंवा ए-बी असेल तर 3. बी-बी ला 2, सी-सी ला 1, सी-डी ला भोपळा. आणि दोन्हींपैकी कशातही ई ग्रेड आली तर विषयांत 42 पैकी 42 असले तरी डिप्लोमा मिळत नाही. खिरापत म्हणून वाटलेल्या गुणांत नापास व्हायची सोय असते का, काका?

आता तास बघा. टॉकचे दोन वर्षांत वर्गात 100 तास. ईईसाठी मुलाने साधारण 40 द्यावेत अशी अपेक्षा, प्रत्यक्षात जास्तच जातात. म्हणजे 140 तास घालून कमाई जास्तीत जास्त 3. स्टँडर्ड लेव्हलचा कुठलाही विषय 150 तासांचा आणि तिथे 7 गुण. माझी तक्रार उलटी आहे: हे तीन गुण फार कमी आहेत.

एक मुलगा माझ्याकडे विषय घेऊन आला, "पुण्यातला प्लेग". म्हटलं, यावर ग्रंथ होईल, ईई नाही. मग "रँडचा खून". ती गोष्ट चौथीतल्या पोरालाही येते, त्यात तुझा प्रश्न कुठाय? असं करत करत तो इथवर आला: 1897 साली प्लेग कमिटीच्या घरतपासणीला पुण्यात विरोध झाला त्यामागे सोवळंओवळं किती आणि सोजिरांची वागणूक किती? मग केसरीचे जुने अंक एका बाजूला, सरकारी अहवाल दुसऱ्या बाजूला. तपासणी तीच आणि हकिकती दोन. कुणावर किती विश्वास ठेवायचा हे मी सांगणार नव्हते, कारण त्याचेच गुण असतात. पहिला खर्डा सहा हजार शब्दांच्या पुढे गेलेला. चार हजारांनंतर परीक्षक वाचत नाही, म्हणून चापेकरांवरचं लाडकं दीड पान त्याने माझ्यासमोर बसून कापलं. तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याला ईईत बी मिळाला, टॉकमध्ये सी. गुण 2. घ्या, फुकटचे.

खडूस_काका
आमच्या एका ओळीवर प्रबंध आला, धन्य झालो. शब्दमर्यादा तुम्हीही पाळली नाहीत असं दिसतं.

तुमचा मुलगा हुशार, तुम्ही कष्टाळू, सगळं मान्य करू. पण माझा भाचा जुन्नरकडच्या ज्युनियर कॉलेजात होता. फिजिक्सचं प्रॅक्टिकल त्याने वर्षभरात धड केलं नाही, कारण प्रयोगशाळेला कुलूप. मार्चमध्ये 30 पैकी 28 मिळाले. सगळ्यांना 28. त्याला आयुष्यात कुणी विचारलं नाही की बाबा रे, चार हजार शब्द कशावर लिहायला आवडतील? केसरीच्या फायली सोडा, त्याला तालुक्याच्या वाचनालयात संदर्भ विभागात बसू देत नाहीत. तुमचा पोरगा पोचला कारण मागे तुम्ही होतात, आणि तुम्ही होतात कारण बापाने फी भरली.

लंडनची_सून
चाफा, पूर्ण सहमत. इकडे या तीन गुणांवर घरं पालथी होतात. आमच्या चिरंजीवांना युनिव्हर्सिटीची ऑफर होती 38 ची, कोअर (म्हणजे हेच तीन गुण) धरून, वर हायर लेव्हलच्या तीन विषयांत 7-6-6. जुलैत निकाल लागला, विषयांचे 36. पोटात गोळा. खाली बघितलं तर ईई ए आणि टॉक डी! ए-डी ला 2 मिळतात हे मला तेव्हा कळलं. 38 झाले, प्रवेश झाला. तेच दोन्हीत सी असते तर 1 मिळाला असता आणि आम्ही ऑगस्टभर फोन फिरवत बसलो असतो.

टॉकमध्ये डी का आला हे अजून त्याला विचारायचं नाही अशी घरात सक्त ताकीद आहे.

जेईईग्रस्त
ताई, तुमचं तिकडे ठीक आहे. आमची लेक आयबी करून इथेच इंजिनियरिंगला आली. जेईईला ईई नाही आणि टॉक तर नाहीच. निकाल जुलैत, त्यात एआययूचं (भारतीय विद्यापीठ संघाचं) समकक्षता प्रमाणपत्र काढा. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "टक्के किती?" म्हटलं, 45 पैकी 37. त्या म्हणाल्या, "45 चा पेपर असतो का कुठे? पूर्ण गुणपत्रिका आणा." 37 मधले ते 3 कशाचे हे समजावण्याच्या भानगडीत मी पडलोच नाही.

रात्री दोनपर्यंत जागून ईई लिहिला तिने, तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यावर. तेवढ्या वेळात ऑरगॅनिक झालं असतं.

अर्धा_पेला
सगळे भावुक झालात, म्हणून मी जरा मीठ टाकतो. ईई 'घडवून देणारे' मेंटॉर पुण्यामुंबईत गल्लोगल्ली आहेत. प्रश्न ते काढतात, आराखडा ते देतात, मुलगा टाइप करतो. आता तर टाइपही करावं लागत नाही. एआयला सांगितलं की प्लेग, केसरी, रँड सगळं तळटिपांसकट हजर. चाफा मॅडम, तुमच्याकडे आलेले किती खर्डे मुलांचे होते, अगदी मनापासून सांगा.

चाफा
अर्धा_पेला, शेवटी वायव्हा, म्हणजे तोंडी मुलाखत असते. समोर बसवून विचारलं की हा संदर्भ का घेतलास, हे मत का बदललंस, की दहा मिनिटांत कळतं. 'माझंच काम आहे' असं लिहून दिल्यावर त्याखाली सुपरव्हायजरलाही जबाबदारी घ्यावी लागते. मी एकदा घेतली नाही.

अर्धा_पेला
कळतं हो. कळल्यावर शाळा काय करते ते सांगा. पालक वर्षाला काही लाख भरतात.

चाफा
त्या वेळी मुलाने नव्याने लिहिलं. त्यापुढचं मी इथे लिहिणार नाही, मला नोकरी आहे.

ड्रॉइंगचे_सर
अवांतराबद्दल क्षमस्व, पण राहवलं नाही. काका, वाढीव गुणांचं एवढं वावडं असेल तर आपल्या दहावीचं काय? चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड असेल तर 7, बी ला 5, सी ला 3. शिवाय खेळाचे, शास्त्रीय संगीताचे, लोककलेचे. मी जन्मभर चित्रकला शिकवली. आठवड्याचे माझे दोन तास, त्यातला एक गणिताचे सर पळवायचे, "पोर्शन राहिलाय" म्हणून. तेच गणिताचे सर स्वतःच्या मुलाच्या सात गुणांसाठी सप्टेंबरात माझ्या दारात.

आणि गुण आल्यावर काय झालं तेही सांगतो. स्मृतिचित्राचा पेपर. विषय एकदा बसथांबा, एकदा बाजार, एकदा जत्रा. एकाच क्लासची पंचवीस पोरं, पंचवीस कागदांवर डाव्या कोपऱ्यात तोच फुगेवाला. बसथांब्यावरही फुगेवाला, बाजारातही. पाठ केलेला! फुग्यांचे रंगसुद्धा तेच, लाल-पिवळा-निळा. गुणांसाठी कला आणली की कलेची ही अवस्था होते. तुमच्या टॉकमध्ये वेगळं होत असेल तर आनंद आहे.

अर्धा_पेला
सर, सलाम! टॉकमध्येही फुगेवाला असतोच. गॅलिलिओ, हिरोशिमा आणि पृथ्वी सपाट मानणारे. प्रश्न कुठलाही असो.

खडूस_काका
सर, मी बोर्डाची वकिली कधी केली? तिथलीही खिरापतच. 2025 ला दहावीत 211 जणांना 100 टक्के, त्यातले 113 एकट्या लातूर विभागात. बेस्ट ऑफ फाइव्ह अधिक वाढीव गुण, की झाले पैकीच्या पैकी. बुद्धिमत्तेचा महापूर नुसता.

लातूरकर_रोखठोक
आलंच का लातूर! वाटच बघत होतो. आयबीच्या धाग्यावर लातूर काढायला काका तुम्हाला लाज वाटली नाही? लातूर विभाग म्हणजे लातूर, नांदेड, धाराशिव, तीन जिल्हे. तिथली पोरं खोली करून राहतात, एका खोलीत चौघं, पहाटे अभ्यासिकेत जागा धरतात. पुण्याच्या पोराला शंभर मिळाले की हुशारी आणि आमच्या पोराला मिळाले की खिरापत. उरलेल्या 98 जणांच्या गुणपत्रिकेत वाढीव गुण नव्हते का? ते बघितलं का कुणी?

खडूस_काका
मी आकडा दिला, तुम्ही खोलीचं भाडं सांगताय. दरवर्षी एकाच विभागात एवढे शंभर नंबरी निघावेत याचं नवल वाटणं म्हणजे अपमान?

लातूरकर_रोखठोक
नवल वाटू द्या ना! फक्त ते नवल पुण्यातल्या इंटरनॅशनल शाळेच्या 45 पैकी 45 बद्दलही वाटू द्या. तिथे तुम्ही 'फी भरली' एवढंच म्हणता. आमच्याकडे आलात की थेट कॉपीचा वास येतो तुम्हाला. माझी बहीण नांदेडची टॉपर होती, तिला पुण्याच्या कॉलेजात पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला होता. आज ती एमडी आहे, आणि विचारणारा कुठे आहे ते मला माहीत आहे.

खडूस_काका
कॉपी हा शब्द मी काढलेला नाही. तुम्ही काढलात. बघा वर जाऊन.

बघ्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चाफाताई, तुमचं प्लेगचं पोरगं कुठे हरवलं?

संपादक
लातूर विषयावर वेगळा धागा काढावा. वैयक्तिक शेरे उडवले जातील.

लातूरकर_रोखठोक
काढणार नाही. विषय इथे निघाला, इथेच संपेल.

चाफा
ड्रॉइंगच्या सरांना उत्तर द्यायचंय, कारण या धाग्यातला खरा मुद्दा त्यांनीच मांडला. फुगेवाला आमच्याकडे येतो, नाकारत नाही. म्हणूनच टॉकच्या प्रदर्शनात (निबंधाखेरीज टॉकचं दुसरं काम) नुसती 'एक वस्तू' चालत नाही. 35 प्रश्नांतला एक घ्यायचा, तीन वस्तू मांडायच्या, साडेनऊशे शब्द. एका मुलीने पहिलाच प्रश्न घेतला, ज्ञान कशाला म्हणायचं? आणि वस्तू लिहून आणली 'पंचांग'. परत पाठवलं. कुठलं पंचांग? कुणाचं? मग ती आजीच्या देवघरातलं जुनं दाते पंचांग घेऊन आली. समासात शाईने दुधाचा हिशेब, एका अमावास्येला काट मारून 'दवाखाना' लिहिलेलं. आता तिच्याकडे लिहायला होतं: छापलेलं आजीने किती मानलं, स्वतः लिहिलेलं किती, आणि काट कशावर मारली. हे कुठल्या क्लासमध्ये पाठ करून घेणार? घेतील म्हणा, एखादा 'पंचांग पॅकेज'ही काढेल. तोवर तरी हे तिचं आहे.

ड्रॉइंगचे_सर
हे आवडलं. 'दवाखाना' विशेष. पण मॅडम, अशा परत पाठवायला तुमच्याकडे वर्गात वीस मुलं असतात. माझ्याकडे बहात्तर होती. मीही परत पाठवली असती.

खडूस_काका
सर बोलले ते मी मगाशी बोललो, फक्त त्यांना टाळ्या. असो. फुकटचे नाहीत, मान्य. विकतचे आहेत.

चाफा
तुमच्याकडून एवढंही खूप झालं. मुंबई महापालिकेने विलेपार्ल्यात आयबीची शाळा काढलीय, फी नाही. सुरुवात लहान वर्गांपासून आहे, डिप्लोमाची नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच सांगते. पण माझं म्हणणं, तुमच्या भाच्याला असा एक तरी निबंध लिहायला मिळायला हवा होता, यासाठी भांडा. ज्यांना मिळतो त्यांनी तो लिहिलाच नाही असं म्हणून त्याला काय मिळणार?

खडूस_काका
भांडायला वेळ आहे, कुणाशी भांडू ते सांगा. कुलूप कुणी लावलं तेच गेल्या तीन प्राचार्यांत ठरलेलं नाही.

नवी_आई
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मुलीचं टॉकचं भाकीत डी आहे. ईईचा पहिला खर्डा झालाय. सुट्टीत ती दोन्हींपैकी कशावर जोर देऊ म्हणतेय. कुणी सांगेल का?

चाफा
टॉक डीवरच राहिलं असं धरा. ईईला ए आला तर 2, बी ला 1, सी ला काही नाही. तेव्हा ईईवर. पण टॉकचा निबंध 1600 शब्दांचा आहे, तो एकदा शिक्षकांकडून नीट बघून घ्या. तिथे डीचा ई झाला तर बाकी सगळं वाया. आणि शाळेला विचारा की भाकीत प्रदर्शन धरून केलंय की नुसत्या निबंधावर. प्रदर्शन एक तृतीयांश असतं, ते चांगलं झालं असेल तर सी अवघड नाही.

नवी_आई
खूप आभार. प्रदर्शनात तिने गॅलिलिओची दुर्बीण घेतलीय.

अर्धा_पेला
फुगेवाला!

लातूरकर_रोखठोक
98 चं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.