दिवाळीनंतर साताऱ्यात आठ पाहुणे: महाबळेश्वर सोडून कुठे न्यावं?

केतकीचं_बन
भाऊबीज झाली की आमच्याकडे साताऱ्याला पाहुणे येतायत. नागपूरहून आतेबहीण, तिचे यजमान, दोन मुलं (बारा आणि सहा वर्षांची) आणि तिचे सासू-सासरे. त्यातच नवऱ्याचा बंगळूरचा कॉलेजमित्र बायकोला घेऊन येतोय. शुक्रवारी रात्री पोचतील, मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. सासरेबुवा पंचाहत्तरीचे, गुडघे कुरकुरतात, पण "तुम्ही जा, मी घरी बसतो" म्हणणाऱ्यातले नाहीत. मित्राला कासची फुलं बघायचीत, बहिणीला महाबळेश्वर हवंय, मुलांना किल्ला.

दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार-रविवार आणि वेण्णा लेकचा रस्ता, हे मला नको. दहा जणांचा स्वयंपाक एकवेळ परवडला. गाड्या दोन आहेत. काय काय करता येईल?

घाटमाथा
आधी मित्राला फोन करून कासचं सांगून टाका. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीनंतर पठारावर पिवळं पडलेलं गवत आणि कातळ, बास. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून लोकांना वाटतं तिथे बारमाही बाग आहे. तो फुलांसाठी म्हणून येणार असेल तर हिरमुसेल.

पण रस्ता तोच धरा आणि पुढे बामणोलीला उतरा. पावसाळा नुकताच संपलेला, कोयनेचा शिवसागर जलाशय तुडुंब असतो आणि हवा धुतलेली. बोटीचं भाडं बोटीमागे असतं, माणशी नाही, त्यामुळे दहा जणांना परवडतं. किती वेळ आणि कुठपर्यंत नेणार ते बसायच्या आधी ठरवून घ्या, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही. वासोटा किल्ल्याचा विषय कुणी काढला तर तिथेच थांबवा. वनखात्याची परवानगी, जंगलातली चढण, अख्खा दिवस. सहा वर्षांचं पोर आणि गुडघे घेऊन होत नाही.

वाईची_लेक
शनिवारी वाईला या. माहेर आहे म्हणून सांगत नाहीये (म्हणूनच सांगतेय). गर्दी सगळी वाईतून पाचगणीकडे वर चढते, नदीच्या घाटावर कुणी थांबत नाही.

ढोल्या गणपतीला सकाळी आठच्या आत पोचा. मूर्ती पाहून झाली की देवळाच्या मागच्या बाजूला जा, बरेच लोक तिकडे जातच नाहीत. मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्हीकडे फाटून जावं म्हणून. बारा वर्षांच्या मुलाला हे नक्की आवडेल. आजोबांना शेजारी काशीविश्वेश्वराच्या आवारात बसवा, सावली असते.

मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, अगदी कृष्णेच्या काठावर. वाड्यातून मागच्या दाराने घाटावर उतरलं की छोट्याशा देवळीत एक मोठी घंटा टांगलेली दिसते. ती नीट बघा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत! 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेली घंटा, आणि टांगली पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या घाटावर. बंगळूरच्या मित्राला कासचं दुःख इथे विसरता येईल. घाटाला पायऱ्या आहेत, पण उंच नाहीत, एका हाताला धरून आजोबा उतरतील. नाहीच जमलं तर वाड्याच्या पडवीत बसू देत.

वेळ उरला तर धोम. तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि भोवती कुंड. कुंडात पाणी असेल तर कासव तरंगतंय असं वाटतं.

जेवण मात्र घरून न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दह्यातली चटणी, उरलेल्या शंकरपाळ्या. सुट्टीत वाईतल्या हॉटेलात दहा जणांना एका टेबलाला बसायला मिळेपर्यंत मुलं रडकुंडीला येतात.

पुणेरी_प्रवासी
सगळे महाबळेश्वरला नावं ठेवतात, पण पाहुणा नागपूरहून येतो तो एकदा येतो. त्याला "तिथे गर्दी असते" सांगून मेणवलीची घंटा दाखवणं अन्याय आहे. सोमवारी न्या ना. रविवारी संध्याकाळपर्यंत मुंबई-पुण्याच्या बऱ्याच गाड्या उतरून जातात. आणि साताऱ्याहून मेढा-केळघरवरून वर चढायचं, म्हणजे वाई-पाचगणीच्या पसरणी घाटाचा प्रश्नच नाही. महाबळेश्वरात न रेंगाळता थेट प्रतापगड, परतीच्या वाटेवर पॉइंट.

केतकीचं_बन
@पुणेरी_प्रवासी, मुद्दा पटला. बहिणीचंही मन राहील. पण प्रतापगडाच्या पायऱ्या?

पुणेरी_प्रवासी
आजोबांना नाही जमणार, खोटं कशाला सांगू. गाडी पायथ्याशी लागते, वर भवानीच्या देवळापर्यंत दम लागतोच. त्या दिवशी दोन तट करा. मुलं आणि धडधाकट मंडळी प्रतापगड, ज्येष्ठ मंडळी साताऱ्यातच. मुलांनी दिवाळीत मातीचा किल्ला केला असेल ना? मग बुरूज, चोरदरवाजे, माची प्रत्यक्ष बघायला हाच. अफजलखानाची भेट 10 नोव्हेंबर 1659 ची, म्हणजे हवासुद्धा तीच. सकाळी सहाला निघा, साडेसहा म्हणजे उशीर.

स्ट्रॉबेरीचं आश्वासन मात्र कुणाला देऊ नका. खरा हंगाम डिसेंबरपासून. तोवर क्रशच.

घाटमाथा
हुरड्याचंही तसंच. दरवर्षी दिवाळीत कुणीतरी "हुरडा पार्टी कुठे?" विचारतं. ज्वारी अजून वीतभर असते हो.

निवृत्त_मास्तर
ज्येष्ठांना घरी ठेवायचं असेल तर संगम माहुली सुचवतो. शहराला लागूनच. कृष्णा-वेण्णेचा संगम, जुनी दगडी देवळं, महाराणी ताराबाईंची समाधी. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. तासभर निवांत बसता येतं. येताना मोती चौकातून कंदी पेढे घ्यावेत, नागपूरला न्यायलाही होतील.

आणि एक दिवस औंधसाठी राखून ठेवा, असा माझा आग्रह आहे. सातारकरांनी औंधचं संग्रहालय पाहिलेलं नसतं, हे मी आयुष्यभर शिकवताना पाहिलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला, ते स्वतः उत्तम चित्रकार. त्यांनी जमवलेला हा संग्रह 1938 साली लोकांसाठी खुला झाला. रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांचीही आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि बाळाचं दगडी शिल्प आहे. एवढ्याशा गावात, यमाईच्या डोंगराच्या मध्यावर! गाडी संग्रहालयापर्यंत जाते आणि पुढे वरच्या यमाईच्या देवळाच्या, म्हणजे मूळपीठाच्या, जवळही जाते, गुडघ्यांना त्रास नाही. पूर्वेकडचा रस्ता असल्याने पर्यटकांची गर्दी शून्य.

चकलीचा_सोऱ्या
लिंबची बारामोटेची विहीर कशी कुणी सांगितली नाही? हायवेपासून आत थोडंसंच. वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतली. विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे, पायऱ्यांनी आत उतरायचं. दुपारच्या उन्हात आत गेलं की गारवा अंगावर येतो. वरून बघितली तर शिवलिंगाचा आकार. पण काठाशी सहा वर्षांच्या पोराचा हात सोडू नका. वाईहून परतताना अर्धा तास काढा.

केतकीचं_बन
किती सुंदर सुचवलंत सगळ्यांनी! मग असं ठरवते: शनिवारी वाई, मेणवली, परतताना लिंब. रविवारी बामणोली. सोमवारी सगळे औंध. मंगळवारी तरुण मंडळी प्रतापगड, सासू-सासरे आणि मी माहुली. सज्जनगड बसत नाहीये, त्याची रुखरुख आहे. तिथला दुपारचा प्रसाद सासूबाईंना हवा होता.

दहा जण दोन गाड्यांत बसतील का, हा प्रश्न उरतोच.

वाईची_लेक
नाही बसणार, बसले तरी भांडतील. शनिवार-रविवार ड्रायव्हरसकट सतरा सीटर सांगा. घाटातून उतरताना तुझा नवरा आणि मित्र गप्पा मारत गाड्या चालवणार, त्यापेक्षा ते बरं. आणि दिवाळीच्या आधीच सांगून ठेव, नंतर मिळत नाही.

पुणेरी_प्रवासी
मंगळवारी रात्रीची गाडी आणि त्याच दिवशी प्रतापगड? घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर नागपूर चुकलं. प्रतापगड सोमवारीच ठेवा.

निवृत्त_मास्तर
शिवाय सोमवारी संग्रहालय बंद असतं. औंध मंगळवारी करा. दिवाळीची जास्तीची सुट्टी नाही ना, तेवढं आदल्या दिवशी फोन करून विचारा. मंगळवार देवीचा वार, मूळपीठावर गर्दी वाढेल. आधी यमाईचं दर्शन घ्या, मग खाली संग्रहालयात या.

केतकीचं_बन
झालं, अदलाबदल केली. सोमवारी प्रतापगड आणि माहुली, मंगळवारी औंध. सासूबाईंना सज्जनगडाचं पुढच्या वेळी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा बोलावलंस असं धरते."